वाटेवरचे सोयरे : पंढरी, घुमान आणि कल्याण कॅम्प

घर सोडून वाटेला लागलेल्या माणसापुढे तीन प्रश्न उभे राहतात. रात्री पाठ कुठे टेकायची, भूक लागली तर कोणाच्या दारी जायचे आणि मनातले बोलायचे कोणाशी. गाठीला पैसा असला तर पहिल्या दोहोंची सोय होते. तिसऱ्याची होत नाही. म्हणून परमुलखात वर्षानुवर्षे फिरणारी माणसे एकमेकांना कशी शोधतात, हा इतिहासाचा एक मोठा विषय आहे. मग ती तीर्थाटन करणारी असोत, व्यापारी असोत की देशोधडीला लागलेली असोत. आपल्या संप्रदायाला तर हा विषय अगदी जवळचा. वारी करतो तो वारकरी. चालणे त्याच्या नावातच आहे.

या विषयाची एक विलक्षण साखळी आपल्या ठाणे जिल्ह्यात येऊन मिळते. कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघाले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने ओळीने लागतात. पाऊणशे वर्षांपूर्वी या पट्ट्यात लाखभर परकी माणसे येऊन राहिली. त्यांची भाषा आपल्याला कळत नव्हती, आपली त्यांना कळत नव्हती. पण त्यांच्याबरोबर जो ग्रंथ आला, त्यात पंढरीच्या एका शिंप्याची वाणी होती. ती तिकडे कशी गेली आणि इकडे कशी परत आली, हे वाचकांपुढे मांडायचे आहे.

हा मुलूख मुळातच वाटसरूंचा. कल्याण हे प्राचीन बंदर. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांच्या नोंदी कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत आजही वाचता येतात. जुन्नरकडचा माल नाणेघाट उतरून या बाजूला येई. त्या घाटात सातवाहनांच्या काळापासूनची लेणी आणि पाण्याची टाकी आहेत. चढून दमलेल्या माणसाला सावली आणि पाणी मिळावे, एवढा विचार त्या वेळच्या लोकांनी केला होता. अंबरनाथचे शिवालय शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० मधले, शिलाहारांच्या राजवटीतले. महाशिवरात्रीला तिथे आजही मोठी जत्रा भरते. बदलापूरविषयी लोक सांगतात की लांबचा प्रवास करणारे स्वार इथे घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर. ही लोकांच्या तोंडची कथा आहे. पण वाटसरूच्या उपयोगी पडणे हीच आपल्या नावाची कथा, असे एखाद्या गावाला वाटावे, यातच त्या गावाचे मन दिसते.

आता आधी वारीतली ओळख कशी घडते ते पाहू, म्हणजे पुढचे सारे समजायला सोपे जाईल.

आळंदीहून निघालेला नवखा माणूस पहिल्या दिवशी परका असतो. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ आणि कपाळी गोपीचंदन असते, एवढीच त्याची ओळख. पण ती पुरते. समोरचा त्याला ‘माउली’ म्हणतो आणि पायाला हात लावतो. नाव, गाव, जात, हुद्दा हे सारे नंतर. दिंडीत त्याची जागा ठरते. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मधे मृदंग, त्यामागे वीणेकरी, मागे डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या मायबहिणी. त्याच्या हाती टाळ आला, पावली जमली की दोन-तीन दिवसांत तो त्या दिंडीचा होतो. संध्याकाळी मुक्कामाला पाल ठोकायला, पाणी आणायला, पंगतीत वाढायला तोही उठतो. कोणी त्याला सांगावे लागत नाही.

हे आपोआप होते असे आपल्याला वाटते. तसे नाही. त्यामागे माणसांनी घालून दिलेली व्यवस्था आहे. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखीची प्रथा सुरू केली. माउलींच्या पालखीला आजचे शिस्तीचे रूप एकोणिसाव्या शतकात आरफळच्या हैबतबाबांनी दिले, आणि अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू व नैवेद्याची जबाबदारी घेतली. रथापुढच्या सत्तावीस दिंड्यांचे क्रम ठरलेले, मुक्काम ठरलेले, कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे तेही ठरलेले. मुक्कामी समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. त्या शांततेत सांगितले जाते: कोणाची वस्तू सापडली आहे, कोणाची हरवली आहे, कोणती तक्रार आहे. लाखोंच्या समुदायात हरवलेल्याला पुन्हा आपल्यांत आणण्याची ही रीत आहे.

या सगळ्यातून चार गोष्टी हाती लागतात. ओळखीची खूण, ठरलेला मुक्काम, हाताला काम आणि ओठांवर एकच नाम. या चार असल्या की परक्यांचा मेळा सोयऱ्यांचा होतो. घरापासून शेकडो कोस दूर, जिथे आपली भाषाही कोणाला येत नाही, तिथेही या चार गोष्टी चालतात का? याचे उत्तर नामदेवरायांनी चालून दिले.

नामदेवरायांचा जन्म इ.स. १२७० चा. ज्ञानेश्वर महाराजांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली. ‘तीर्थावळी’च्या अभंगांत तिचे वर्णन आहे. पंढरी सोडून जायला त्यांचे मन तयार नव्हते, विठोबाचा विरह सोसवत नव्हता, असे ते अभंग सांगतात. ज्याला घराची एवढी ओढ, त्यानेच पुढे आयुष्याचा मोठा भाग परमुलखात काढला. १२९६ मध्ये माउलींनी आळंदीला समाधी घेतली. जिवाचा सखा गेला. त्यानंतर नामदेवराय उत्तरेकडे निघाले. परंपरा सांगते की ते पंजाबात वीसएक वर्षे राहिले. आजच्या गुरदासपूर जिल्ह्यातले घुमान हे त्यांचे ठिकाण. तिथे त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे आणि पंजाबातले लोक त्यांना ‘भगत नामदेव’ म्हणतात.

तिथे त्यांना कोण ओळखत होते? कोणीही नाही. त्यांच्याजवळ ना राजाचे पत्र होते, ना व्यापाऱ्याची हुंडी. त्यांच्याजवळ कीर्तन होते. कीर्तनाला उभे राहायला ओळख लागत नाही. माणूस चव्हाट्यावर नाम घेऊ लागतो, ऐकणारे थांबतात, दुसऱ्या दिवशी त्यांतले काही परत येतात, तिसऱ्या दिवशी त्यांतला एखादा साथ धरतो. परमुलखात मंडळी जमवण्याची याहून जुनी आणि साधी रीत नसेल.

नामदेवरायांनी एक गोष्ट आणखी केली. त्या लोकांच्या बोलीत त्यांनी पदे रचली. मराठी शिका आणि मग या, असे ते म्हणाले नाहीत. पण विठ्ठलाचे नाव मात्र त्यांनी सोडले नाही. त्या पदांत ते ‘बीठल’ होऊन येते. प्रवासी माणसाने काय बदलावे आणि काय धरून ठेवावे, याचा यापेक्षा नेमका धडा मला ठाऊक नाही. बोली त्यांची घेतली, नाम आपले ठेवले.

पुढे १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात कबीर, रविदास, शेख फरीद यांच्याबरोबर नामदेवरायांची ६१ पदे घेतली गेली. आज जगात जिथे जिथे गुरू ग्रंथसाहिबाचा पाठ होतो, तिथे तिथे पंढरीच्या भक्ताचे शब्द उच्चारले जातात. २०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले आणि अध्यक्षपदी देहूच्या मोरे घराण्यातले डॉ. सदानंद मोरे होते. सातशे वर्षांपूर्वी एकट्याने गेलेल्या वाटेने मराठी माणसे त्या वेळी मोठ्या संख्येने गेली आणि घुमानकरांनी त्यांना घरच्यासारखे वागवले. हे आतिथ्य नामदेवरायांच्या पुण्याईचे.

हा ग्रंथ पंजाबातच राहिला नाही. तो शेजारच्या सिंधमध्ये गेला. सिंधमधले कितीतरी हिंदू नानकपंथी होते. त्यांनी केस वाढवले नाहीत की शीख म्हणवून घेतले नाही. पण गुरू नानकांना ते गुरू मानत आणि गावोगावी त्यांचे ‘टिकाणे’ असत. टिकाणा म्हणजे ग्रंथाचा पाठ, कीर्तन आणि लंगर जिथे चाले ती जागा. तिथे ग्रंथसाहिबाशेजारी देवांच्या तसबिरीही असत, आणि टिकाण्यात जाणारा माणूस झूलेलालाच्या ज्योतीला आणि सूफी फकिरांच्या दर्ग्यालाही हात जोडी. वाटसरूला टिकाण्यात जेवण मिळे, पाठ टेकायला जागा मिळे आणि पुढच्या गावची खबर मिळे. सक्करजवळ सिंधू नदीच्या मधोमध साधुबेला नावाचे बेट आहे. तिथे १८२३ मध्ये बाबा बनखंडी या उदासी साधूंनी आश्रम स्थापन केला. फिरत्या साधूंचा तो मोठा मुक्काम होता. आपल्या पंढरीत गावोगावच्या फडांचे मठ आणि धर्मशाळा आहेत, तसेच हे.

सिंधी माणूस फिरस्ता होता, म्हणून त्याला अशा जागांची गरज होती. शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या मध्य आशियात बुखाऱ्यापर्यंत चालत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हैदराबाद सिंधचे व्यापारी, ज्यांना ‘सिंधवर्की’ म्हणत, सिंधी कारागिरीच्या वस्तू घेऊन बोटीने निघाले आणि इजिप्त, माल्टा, जिब्राल्टरपासून सिंगापूर, हाँगकाँग, जपानपर्यंत त्यांनी पेढ्या थाटल्या. पेढीवरचे नोकर दोन-तीन वर्षांच्या करारावर, बायकामुलांना मागे ठेवून जात. दुकानाच्याच आसऱ्याला राहायचे आणि एका चुलीवरचे जेवायचे, असा त्यांचा संसार. परमुलखातली ती त्यांची दिंडीच म्हणायची.

याहून जुना आणि नवल वाटावा असा दाखला कॅस्पियन समुद्राच्या काठी, आजच्या अझरबैजानात बाकू शहराजवळ आहे. सुरखानी नावाच्या गावी जमिनीतून निघणाऱ्या वायूच्या ज्वाळा पेटत असत. तिथे सतराव्या-अठराव्या शतकांत मुलतान, पंजाब आणि सिंध या बाजूच्या हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनी व साधूंनी एक देवस्थान उभारले. मधे अंगणात ज्वाळा आणि सभोवार उतरणाऱ्यांसाठी खोल्या. त्या खोल्यांच्या दारांवर शिलालेख आहेत. बहुतेक देवनागरीत, काही गुरुमुखीत. देवनागरी लेखांत श्रीगणेशाला नमन आहे आणि गुरुमुखी लेखांत नानकांची वाणी आहे. घरापासून फार दूर, परक्या मुलखात, उंटाच्या काफिल्याबरोबर आलेला माणूस त्या अंगणात पाऊल टाकी आणि दारावरची ओळ वाचून त्याला कळे की इथे आपले कोणी आहे. खूण, मुक्काम, काम आणि नाम या चारही गोष्टी तिथे होत्या.

आतापर्यंतचे हे सारे प्रवासी आपल्या मर्जीने निघाले होते आणि त्यांच्या मागे परतायला घर होते. १९४७ मध्ये ते घरच गेले.

फाळणीनंतर काही महिने सिंधमधले हिंदू बरेचसे जागीच होते. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि मग लोंढाच निघाला. कोणी रेल्वेने राजस्थानमार्गे आले. पुष्कळ जण कराचीहून बोटीने मुंबईच्या बंदरात उतरले. सरकारने त्यांतल्या लाखभर माणसांना कल्याणजवळ आणले. तिथे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी उभारलेली लष्करी छावणी रिकामी पडली होती. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकींत मधे गोणपाटाचे नाहीतर साडीचे पडदे लावून कुटुंबे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी इथे नव्या नगराची कोनशिला बसवली. शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याचे नाव उल्हासनगर ठेवले. तरी छावणीची आठवण पत्त्यांतून गेली नाही. कॅम्प एक ते कॅम्प पाच, आणि पुढे बराकीचा नंबर, असाच पत्ता तिथे अजून सांगतात.

या माणसांनी एकमेकांना कसे शोधले असेल? शिकारपूरच्या एका गल्लीतले शेजारी आता कोणी कॅम्प एकमध्ये, कोणी पाचमध्ये, कोणी पुण्याला, कोणी इंदूरला. त्यांनी केले ते आपल्याला परके वाटू नये. गावावरून पंचायती उभ्या केल्या, म्हणजे सिंधमधल्या एका गावचे लोक कुठेही राहत असले तरी सुखदुःखाला एकत्र यावेत. आणि बराकीतच टिकाणे उघडले. जिथे ग्रंथसाहिबाचा प्रकाश झाला, तिथे पहाटेचे कीर्तन सुरू झाले. जिथे कीर्तन, तिथे लंगर. जिथे लंगर, तिथे आपले माणूस भेटण्याची शक्यता. सिंधमधल्या रोहडीचा वसणशाह दरबार इथे पुन्हा उभा राहिला. प्रेमप्रकाश पंथाचे स्वामी शांतिप्रकाश यांचा आश्रम कॅम्प पाचमध्ये झाला. झूलेलालाची ज्योत तेवत राहिली आणि तिच्यापुढे दर वर्षी चाळीस दिवसांचे चालिहा व्रत होऊ लागले. आपला चातुर्मास जसा, तसेच हे नेमाचे दिवस.

आता नकाशा पुन्हा डोळ्यांपुढे आणावा. कॅम्पाला लागून जे स्टेशन आहे त्याचे नाव विठ्ठलवाडी. घरदार गमावून आलेली माणसे त्याच्याजवळच्या बराकींत बसून जो ग्रंथ वाचत होती, त्यात ‘बीठल’ हे नाव होते. पंढरीहून निघालेली वाणी पंजाब आणि सिंध अशी साडेसहाशे वर्षांची परिक्रमा करून विठ्ठलाच्याच नावाच्या गावाशेजारी येऊन थांबली होती. हा योगायोग आहे, मान्य. पण योगायोगातही काही सांगणे असते, ते ऐकावे.

मग आपण ते ऐकले का? इथे थोडे थांबून खरे बोलायला हवे.

कॅम्पाभोवतीची गावे आगरी-कोळ्यांची, कुणब्यांची, आदिवासींची. या गावांत वारकरी परंपरा खोलवर रुजलेली आहे. डोंबिवलीचे ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे यांच्यासारख्या सत्पुरुषांनी आगरी समाजात माळकरी पिढ्या घडवल्या. गावोगाव हरिनाम सप्ताह होतात. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत आणि पंगतीला कोणालाही मज्जाव नसतो. असे असूनही कॅम्प आणि गाव यांच्यात पुष्कळ काळ एक अदृश्य कुंपण राहिले. आपल्याकडचे लोक त्यांना ‘निर्वासित’ म्हणत. तो शब्द त्यांना टोचे. ‘आम्ही शरणार्थी नाही, पुरुषार्थी आहोत,’ असे त्या पिढीचे म्हणणे होते, आणि त्यांनी ते कष्टाने खरेही करून दाखवले. दुसऱ्या बाजूने, गावकऱ्यांचेही दुखणे होते. त्याच युद्धात नेवाळीच्या बाजूला धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि त्या परत मिळाव्यात म्हणून २०१७ मध्येही लोक रस्त्यावर उतरले. एकाची जमीन छावणीपायी गेली, दुसऱ्याचे घर फाळणीपायी गेले. दोघेही गमावलेले, पण एकमेकांचे दुःख विचारायला कोण आधी जाणार?

वारीलाही हे शिकावे लागले आहे, हे आपण विसरू नये. ज्या चार गोष्टींनी परका आपला होतो असे वर म्हटले, त्या चारही चोखोबांजवळ होत्या. माळ होती, पंढरीचा मुक्काम होता, कष्ट होते आणि नाम तर अखंड होते. तरी त्यांना महाद्वाराबाहेर उभे राहावे लागले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी केली, असे परंपरा सांगते. त्यानंतर कित्येक शतके गेली तरी अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना पंढरीत उतरायला जागा मिळेना, तेव्हा गाडगेबाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. आणि मंदिराचे दार सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १ ते १० मे १९४७ असे दहा दिवस उपोषण करावे लागले. हे वर्ष लक्षात ठेवावे. मे महिन्यात पंढरीचे दार उघडण्याचा निर्णय झाला आणि ऑगस्टमध्ये देशाची फाळणी झाली. पंढरीतच राहणाऱ्या भक्ताला आत घ्यायला ज्यांना साडेसहाशे वर्षे लागली, त्यांना सिंधहून आलेला भक्त ओळखायला थोडा उशीर लागला तर नवल नाही. पण तो उशीर किती वाढू द्यायचा, हे आपल्या हातात आहे.

आज हा सारा पट्टा पुन्हा प्रवाशांचा झाला आहे. अंबरनाथला आयुधनिर्माणी आणि कारखाने आले, त्यांच्याबरोबर देशभरचे कामगार आले. उल्हासनगरात जीन्स शिवण्याचा मोठा धंदा वाढला आणि शिलाई मशिनवर बसणारे कितीतरी हात उत्तरेकडून आलेले आहेत. नामदेवराय जातीने शिंपी होते. पंजाबातले छिंबा, म्हणजे कापड छापणारे व शिवणारे लोक, त्यांना आपला पूर्वज मानतात. सुई-दोऱ्यावर पोट भरणाऱ्या या गावात त्यांची आठवण खरे तर घरोघर असायला हवी.

बदलापूरचा चाकरमानी तर बारा महिन्यांचा प्रवासी. बदलापूर ते मुंबई सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. जायला दीड तास, यायला दीड तास. आयुष्याची कितीतरी वर्षे गाडीत जातात. त्यानेही जुनीच रीत पुन्हा शोधून काढली. तीच गाडी, तोच डबा, तीच मंडळी. टाळ पिशवीतून निघतात, ढोलकी नसली तर डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतात आणि अंबरनाथ येईपर्यंत रूपाचा अभंग सुरू झालेला असतो. एखादा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी फोन जातो. कोणी आजारी पडला तर रक्त द्यायला डब्यातली माणसे उभी राहतात. आळंदी-पंढरी जिला दर वर्षी साधत नाही, त्या मंडळीची ही रोजची वारी.

पण याच डब्यात एक कसोटीही आहे. आपल्या माणसासाठी जागा धरून ठेवली जाते, तेव्हा नवख्याला दीड तास उभे राहावे लागते. त्याने बसायचा प्रयत्न केला तर त्याला उठवणारेही असतात. मंडळी जमली की तिची भिंत व्हायला वेळ लागत नाही. आत असणाऱ्यांना ती भिंत दिसत नाही; त्यांना फक्त ऊब जाणवते. दिंडीचे मोठेपण यात आहे की तिथे नवख्याच्या हाती टाळ दिला जातो. ज्या भजनात नव्या माणसाला टाळ मिळत नाही, ते सुरात असले तरी वारीचे नव्हे.

आपली मुले आज लंडनला, सिडनीला, सिंगापूरला जातात. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून आहे; अशी मंडळे आता जगभर झाली. नव्याने गेलेला मुलगा तिथे पहिली आषाढी एकादशी कोणाबरोबर करायची हे शोधतो, तेव्हा तोही सुरखानीच्या अंगणात उतरलेल्या व्यापाऱ्यासारखाच असतो. दारावरची ओळखीची ओळ शोधणारा. तिकडे कोणी त्याला ‘या, बसा’ म्हणावे असे आपल्याला वाटते. मग इकडे, आपल्या स्टेशनावर रोज उतरणाऱ्या अनोळखी माणसाला ते शब्द कोणी म्हणायचे?

म्हणून एक सूचना या पट्ट्यातल्या भजनी मंडळांपुढे नम्रतेने ठेवावीशी वाटते. आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवरायांची पुण्यतिथी येते. चालिहाचे चाळीस दिवस सोळा जुलैला सुरू होतात, त्यामुळे बहुतेक वर्षी ही पुण्यतिथी त्या दिवसांतच पडते. त्या संध्याकाळी विठ्ठलवाडी, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एखाद्या विठ्ठल मंदिरात दोन्हीकडची माणसे बसवावीत. आपल्या कीर्तनकारांनी नामदेवरायांचा मराठी अभंग घ्यावा, टिकाण्यातल्या रागींनी त्यांचेच ग्रंथातले पद म्हणावे. नंतर एकाच पंगतीत प्रसाद घ्यावा. आपण त्याला काला म्हणू, ते लंगर म्हणतील. फार खर्च नाही, मोठा मंडप नको. शेजारच्या कॅम्पात जाऊन एकदा आमंत्रण मात्र द्यावे लागेल, आणि ते आपण आधी द्यावे, कारण वाणी आपल्या गावची आहे.

नामदेवराय अनोळखी मुलखात एकटे गेले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना बसायला जागा दिली, त्यांचे शब्द जपले आणि शतकांनंतर ते आपल्या दाराशी आणून पोचवले. ज्यांनी आपली ठेव एवढी सांभाळली, ते परके कसे? ते वाटेवरचे सोयरे. त्यांना माउली म्हणायला आपल्याला आणखी कोणत्या ओळखीची गरज आहे?

रामकृष्णहरी.